पंचवीस दोष तोंडपाठ, पण घशाचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

गाणं-वाजवणं शिकणाऱ्या मुलांच्या शरीराच्या आणि मनाच्या दुखण्यांबद्दल लिहितोय. पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो. कापायचं झालं तर कुठूनही कापा पण तालमीचा भाग तेवढा ठेवा. मी कोल्हापुरात गेली ३१ वर्षं गाणं आणि पेटी शिकवतो, आधी शाळेत संगीत शिक्षक होतो, आता रिटायर, घराच्या वरच्या खोलीत क्लास चालतो. सत्तावीस मुलं आहेत आणि त्यातली निम्मीअधिक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना बसतात. खाली जे लिहितोय त्यात पहिला आरोपी मीच आहे, दुसऱ्या कुणावर ढकलायला बसलेलो नाही.

झालं असं की विशारदची, म्हणजे मंडळाच्या वरच्या परीक्षेची, तयारी करणारी एक मुलगी, वय १७, परीक्षेच्या दीड महिना आधी तिचा घसा बसला. बोलताना ठीक, पण पंचमाच्या वर गेली की आवाज फाटायचा, नुसती हवा यायची. मी काय केलं तर माझ्या गुरुजींनी माझ्या बाबतीत जे केलं तेच. ज्येष्ठमध चघळ, हळदीचं दूध घे, आइस्क्रीम बंद, दही बंद, आणि रियाज मात्र चालू ठेव, बसलेला घसा गाऊनच उघडतो. ती बिचारी रोज पहाटे पाचला खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर) लावणार, मग कॉलेज, मग माझ्याकडे दोन तास, मग घरी जाऊन परत ताना घोकणार. तीन आठवडे असं चाललं. शेवटी तिची आई मला न विचारता तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली (तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू) आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी मलाही बोलावून घेतलं. डॉक्टरांनी बारीक कॅमेऱ्यानं काढलेला व्हिडिओ स्क्रीनवर लावला. ३१ वर्षं गळा शिकवतोय आणि गळा आतून पहिल्यांदा बघितला. दोन पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे स्वरतंतू, उघडमिट करतायत आणि दोन्हींवर समोरासमोर एकेक बारीक उंचवटा, खसखशीच्या दाण्यासारखा. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं आत्ता नाव नको, अशा गाठी बऱ्याचदा विश्रांतीनं आणि आवाजाच्या व्यायामानं जातात, स्पीच थेरपिस्टकडे जायचं. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, सर, हिला तुम्ही थांब असं कधी सांगता? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

तिची संगीतशास्त्राची वही माझ्याकडे तपासायला पडलेली होती, ती त्या रात्री उघडली. पहिलाच प्रश्न, गायकांचे गुणदोष लिहा. ज्यांनी परीक्षा दिल्यात त्यांना हा प्रश्न झोपेतसुद्धा येतो. शार्ङ्गदेवानं देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून तेराव्या शतकात ‘संगीत रत्नाकर’ लिहिला त्यात गायकाचे पंचवीस दोष दिलेत, ते आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. संदष्ट म्हणजे दात आवळून गाणारा, कराली म्हणजे भयानक तोंड वासून गाणारा, काकी म्हणजे कावळ्यासारख्या आवाजाचा, झोंबक म्हणजे गाताना ज्याच्या मानेच्या आणि कपाळाच्या शिरा फुगतात तो, भीत म्हणजे घाबरत घाबरत गाणारा. सुंदर अक्षरात सगळे पंचवीसच्या पंचवीस लिहिले होते आणि खाली माझीच लाल शाईतली बरोबरची खूण. झोंबक बरोबर, भीत बरोबर. आणि ही मुलगी तीन आठवडे माझ्यासमोर मानेच्या शिरा ताणून, मला घाबरत गात होती, ते काही मला दिसलं नाही. जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी एक माणूस दौलताबादच्या डोंगराखाली बसून लिहून गेला की ताण आणि भीती हे गाण्यातले दोष आहेत, आणि आम्ही त्याचे मार्क करून टाकले.

आता तालमीचं. कोल्हापूरच्या माणसाला तालीम म्हटलं की आधी लाल माती आठवते, गंगावेस, मोतीबाग. गाण्यात पण आम्ही तालीमच म्हणतो, अमक्या घराण्याची तालीम मिळाली वगैरे. माझा थोरला भाऊ कुस्तीच्या तालमीत होता आणि मी गाण्याच्या, एकाच घरातनं दोघं पहाटे चारला उठून दोन दिशेला जायचो. त्याच्या वस्तादाला मी लहानपणी फार घाबरायचो, हातात कायम काठी. पण तो माणूस पोरगं दारातनं आत आलं की आधी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघायचा. लंगडतोस का रे, डोळे का लाल दिसतात, रात्री काय खाल्लंस. ताप असला तर मातीत उतरूच द्यायचा नाही, जा म्हणायचा झोप जा. जोर-बैठका किती मारायच्या हे वयावर ठरलेलं, चौदाच्या पोराला वीसच्या पोराएवढ्या नाहीत. जोड झाली की मालीश, थंडाई, दूध, आणि दुपारी सक्तीनं झोप. माती सुद्धा अशीतशी नाही, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून मऊ केलेली, पडलं तरी अंग फुटू नये म्हणून. कुणी म्हणेल तालमीत काय सगळं चांगलंच होतं का, नव्हतं, भावाचे दोन्ही कान मोडलेत आणि गुडघा अजून पावसाळ्यात बोलतो. पण शरीर हे हत्यार आहे आणि ते सांभाळायचं असतं एवढं तिथं पहिल्या दिवसापासून शिकवलं जायचं. माझ्या गाण्याच्या तालमीत बारा वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की तुझा घसा कसा आहे, जेवलास का, पाठ दुखते का. विचारलं असतं तरी मी दुखत नाही असंच सांगितलं असतं म्हणा.

आणि आमचं हत्यार काय कमी राबतं का. मुली साधारण काळी चार-पाचला, म्हणजे पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गातात. काळी पाचचा मध्य सा म्हणजे सेकंदाला २३३ कंपनं, म्हणजे त्या दोन पट्ट्या सेकंदाला २३३ वेळा एकमेकींवर आपटतात. तासभर नुसता षड्ज धरला तर आठ लाखांच्या वर टाळ्या झाल्या, श्वास घेण्याचा वेळ वजा केला तरी पाच-सहा लाख. तार षड्जाला हेच दुप्पट. हा हिशोब मी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यातनं आल्यावर कॅल्क्युलेटरवर केला आणि मग जरा वेळ गप्प बसलो, कारण टाळ्या वाजवून हात लाल झाला तर आपण थांबतो, इथं लाल झालेलं कुणाला दिसतच नाही.

लोक म्हणतील पूर्वीच्या लोकांनी आठ आठ तास केलं, त्यांना काही झालं नाही. झालं की! आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी ज्यांनी बरीच वर्षं काढली त्या गायक अल्लादिया खाँसाहेबांचाच किस्सा घ्या. इथं यायच्या आधी आमलेटा नावाच्या गावच्या दरबारात त्यांना रोज रोज तासन् तास गावं लागलं आणि त्यात त्यांचा आवाजच गेला, बराच काळ गाता येईना. पुढे जो आवाज परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीत गुंफलेली गायकी त्यांनी घडवली असं जाणकार सांगतात. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या मोठ्या गायिका त्याच गायकीच्या. आम्ही क्लासमध्ये हा किस्सा जिद्दीचा म्हणून सांगतो. मी पण शंभर वेळा सांगितलाय. त्यातला पहिला भाग, की जास्त गाऊन आवाज जातो आणि तो एवढ्या मोठ्या माणसाचा सुद्धा जातो, तो आमच्या तोंडून कधी निघतच नाही. कुमार गंधर्वांचं तसंच. क्षयानं एक फुफ्फुस गेलं, १९४० च्या दशकाच्या शेवटी देवासला जाऊन काही वर्षं गाणंच बंद होतं, आणि त्या गप्प काळात माळव्याची लोकगीतं कानात साठत गेली. डॉक्टरांनी गाऊ नका सांगितलं तेव्हा ते गायले नाहीत, हा मुद्दा आहे हो, हाच मुद्दा!

वाद्यवाल्यांची वेगळीच कथा. माझ्याकडे तबल्याला एक सर येतात, त्यांच्या मुलांमध्ये एक वाक्य फार चालतं, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय. निम्मं खरं आहे ते. सतारीच्या तारेनं बोट कापतं, घट्टे पडतात, तबल्याची किनार वाजवून पहिल्या बोटाचं टोक हुळहुळतं, हे होणारच, ते जातं. पण मनगटापासून कोपरापर्यंत कळ जाणं, रात्री झोपेत बोटांना मुंग्या येणं, सकाळी चहाचा कप धरवत नाही असं होणं, हे हात तयार होणं नव्हे. हा फरक पोराला कुणी सांगायचा? तिकडे पाश्चात्त्य संगीतात लिऑन फ्लायशर म्हणून मोठा पियानिस्ट होता, अमेरिकन, १९६४ च्या सुमाराला उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली आणि पुढची साधारण तीस वर्षं तो डाव्या हातानं वाजवायचं संगीत, ऑर्केस्ट्रा चालवणं आणि शिकवणं यावरच राहिला. तरुणपणी हात दुखत असताना जास्तच सराव केला हे तो स्वतः सांगायचा. पेटीचं दुखणं मी स्वतः भोगलंय, डाव्या हातानं भाता, उजव्यानं पट्ट्या, मान खाली, कंबर एका बाजूला पिळलेली, आणि मांडी घालून तीन तास. माझा डावा खांदा आता वर जात नाही, बनियन घालायला बायको मदत करते. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले उपाय एवढे साधे की लाज वाटली. पेटी पाटावर ठेवा म्हणजे वाकावं लागत नाही, बुडाखाली घडी घातलेली सतरंजी घ्या म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते, दर पंचवीस मिनिटांनी उठा. झालं.

कानाचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर वेगळं पत्र होईल. माझ्या क्लासमधली चार मुलं ढोल-ताशा पथकात आहेत, गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी सराव. आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यासाठी जी मर्यादा सुचवलेली आहे ती ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा, म्हणजे शंभरला फक्त पंधरा मिनिटं. ही पोरं तीन तास उभी असतात आणि मग मला म्हणतात सर तानपुरा लागलाय की नाही कळत नाही. कानात घालायचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, फार महाग नाहीत, पण घातले तर पथकात हसतात म्हणे.

मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा, तेरा-चौदाला, स्वरयंत्र मोठं होतं आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली जातो, त्या काळात त्याच पट्टीत ओढून गायला लावणारे क्लास मी बघितलेत. मुलींना पाळीच्या आधी एक-दोन दिवस काही वेळा आवाज जड लागतो, स्वरतंतूंना किंचित सूज असते, पण पासष्टीच्या मास्तराला हे कोण सांगणार. मग ती सर्दी झालीय म्हणते आणि आम्ही म्हणतो सर्दीचं काय कौतुक, गा. पथ्याचं पण उलटंच आहे आमचं. थंड पाणी नको, चिंच नको, पेरू नको ही यादी लांबलचक, आणि रात्री साडेअकराला तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवं व्हायचं, आंबट ढेकर घशाशी, आणि पहाटे त्याच भाजलेल्या घशानं खर्ज, ह्याला कुणी हरकत घेत नाही. घसा बसला की कुजबुजून बोल असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो, थेरपिस्ट बाईंनी सांगितलं की कुजबुजण्यानं सुद्धा ताण पडतो, गप्प बसा म्हणजे गप्प बसा.

आता मनाचं, जे लिहायला मला सगळ्यात अवघड जातंय. पूर्वी पोरगं वर्षातनं एकदा गुरुपौर्णिमेला चारचौघांत गायचं. आता रोज रेकॉर्डिंग, रोज रील, खाली लाइक, आणि पालकांच्या ग्रुपवर दुसऱ्याच्या पोराचा व्हिडिओ. दहा वर्षाची मुलगी मला विचारते सर माझा आवाज टीव्हीवर चालेल का. एका मुलाचा हात स्टेजवर एवढा थरथरायचा की त्याच्या मित्रानं त्याला धडधड कमी करायची गोळी दिली, मामाची होती म्हणे, बीपीची. या गोळ्या दमा असलेल्याला धोक्याच्या असतात आणि त्या मुलाला लहानपणापासून पंप लागतो. नशिबानं त्यानं खायच्या आधी मला दाखवली. मी त्याला काय दिलं होतं आजवर? घाबरू नको. बास, एवढंच, घाबरू नको. स्टेजवर जायच्या आधी श्वास हळू कसा सोडायचा, चुकलं तर समेवर कसं यायचं याचा सराव, पहिलं गाणं अवघड न ठेवता सोपं ठेवणं, चार लोकांसमोर मग दहा लोकांसमोर असं वाढवत नेणं, हे सगळं शिकवता येतं आणि तबल्याच्या कायद्यासारखं (घोकून बसवायच्या बोलांच्या रचनेसारखं) ते बसतं सुद्धा.

आणि आम्ही गुरू लोक. चारचौघांत हे काय रेकतोस म्हणणं, सहा सहा महिने एकाच पलट्यावर (सरावाच्या स्वररचनेवर) अडवून ठेवणं, सेवा करून घेणं, याला आम्ही शिस्त म्हणतो. मला माझ्या गुरुजींनी तंबोऱ्याची गवसणी फेकून मारली होती आणि मी ती गोष्ट अभिमानानं सांगत फिरायचो. त्यांच्याबद्दल मला आजही आदरच आहे, पण त्या दिवशीपासून मी त्यांना एकही शंका विचारली नाही हे पण खरं. याच्या पलीकडच्या गोष्टी सुद्धा घडतात, २०२० मध्ये धृपदाच्या एका नामवंत गुरुकुलातल्या मुलींनी उघडपणे तक्रारी केल्या तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या माणसांनी मौन धरलं. मुलांसाठी लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, तो शाळेला जसा लागू तसा घरगुती क्लासला पण लागू, पण किती क्लासच्या दारावर साधं लिहिलेलं असतं की पालक कधीही आत येऊन बसू शकतात? माझ्या पण नव्हतं. आता आहे. त्याखाली १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर पण लिहिलाय, मनाचं काही असेल तर फुकट बोलता येतं, मराठीत पण.

बाहेर हे कुठे होतं का म्हणाल तर होतं. अमेरिकेत २००४ मध्ये टेक्सासला संगीत शाळा आणि डॉक्टर लोक एकत्र बसले आणि पुढे तिथल्या संगीत शाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं नियमच केला की विद्यार्थ्याला कान, आवाज, हाडं-स्नायू यांची माहिती दिलीच पाहिजे. ब्रिटनमध्ये कलाकारांच्या आरोग्याची संस्था १९८४ पासून आहे. आपल्याला एवढं मोठं काही लगेच जमणार नाही हे मला पण कळतं, इथं निम्म्या क्लासना धड पंखा नाही.

पण एक गोष्ट उद्या करता येईल, आणि त्यासाठीच हे पत्र. आपल्याकडे जे परीक्षेत येत नाही ते शिकवलं जात नाही, हे मी ३१ वर्षांच्या अनुभवानं सांगतो. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हापासून गाणं सामान्य घरात आलं ते या वर्ग आणि परीक्षेच्या वाटेनंच, तिला मी नावं ठेवणार नाही. मंडळाला माझी विनंती एवढीच आहे की तो पंचवीस दोषांचा प्रश्न लेखी पेपरातनं काढून तोंडी परीक्षेत आणा. परीक्षकानं विचारावं, झोंबक म्हणजे काय, आणि तुझ्या शिरा कुठल्या तानेला ताणतात ते गाऊन दाखव, मग न ताणता गाऊन दाखव. भीत म्हणजे काय, तू कधी भीत झालास, तेव्हा काय केलंस. तबलेवाल्याला विचारा हात दुखला तर किती दिवस थांबतोस. दहा मार्क ठेवा. दहा मार्कांसाठी आमच्यातला प्रत्येक मास्तर धावत जाऊन घशाच्या डॉक्टरला विचारून येईल, मी आम्हाला ओळखतो. शिक्षकांचं वर्षातनं एक दिवसाचं शिबिर घ्या, त्यात भाषणं नकोत, एक डॉक्टर, एक फिजिओ, एक समुपदेशक, आणि तो गळ्याच्या आतला व्हिडिओ मोठ्या पडद्यावर.

त्या मुलीचं विचाराल तर ती या सत्राला बसली नाही, पुढच्या सत्राला बघू म्हणालो. वडील जरा नाराज झाले. चार महिने थेरपी केली, परवा कॅमेऱ्यानं बघितलं तर एक उंचवटा गेलाय, दुसरा पुसट आहे. सध्या ती दिवसातनं दोनदा वीस-वीस मिनिटं, मध्य सप्तकातच, मोबाइलवर टायमर लावून गाते, आणि टायमर वाजला की माझी बंदिश अर्ध्यात तोडून थांबते. पहिल्यांदा मला ते फार लागलं, आता सवय झाली. मी पण क्लासच्या दारात वही ठेवलीय, आल्यावर प्रत्येकानं लिहायचं आज काय दुखतंय, काही नसेल तर काही नाही लिहायचं. पहिला आठवडा सगळ्यांनी काही नाही लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात एका नऊ वर्षाच्या पोरानं लिहिलं, सर ओरडले की पोट दुखतं.

आणि गुरुवारी क्लास बंद ठेवतो आता, आवाजाला सुट्टी म्हणून. दोन पालकांचे फोन आले की मग फी कमी होणार का. फी तीच आहे.

आपला,
एक संगीत शिक्षक, कोल्हापूर